चुका करायची नोकरी

माझ्या मावशीला चुका करण्याचा पगार मिळायचा. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण नेमणूक खरी होती, टेबल खरं होतं, आणि कारखान्यात सगळे तिला प्रेमानं ‘चुकाताई’ म्हणायचे.

कारखाना जुन्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींचा. तयार गाड्या नव्हेत हं. खोक्यात सुटे तुकडे आणि ते कसे जोडायचे हे सांगणारं पत्रक. गोल मडगार्डांच्या, दाराखाली पायदान असलेल्या, पाठीवर स्टेपनी घेतलेल्या गाड्या. रस्त्यावरून केव्हाच गेलेल्या. एकेका गाडीचे सव्वाशे-दीडशे तुकडे. त्यातले काही इतके बारीक की शिंक आली तर घरभर शोधाशोध. गिऱ्हाइकानं ते प्लास्टिकच्या चौकटीतून ब्लेडनं सोडवायचे, घासायचे, रंगवायचे, चिमट्यात धरून चिकटवायचे. महिनाभरानं तळहातावर मावेल एवढी गाडी तयार व्हायची आणि घरातल्यांना सांगावं लागायचं की हिला पुसायला जाऊ नका.

मावशी तिथे लागली ती खोकी भरायला. पहिल्याच आठवड्यात थोरल्या मालकांनी तिला बोलावलं. कारखाना त्यांनीच उभा केला होता. नव्या गाडीचा संच तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “पत्रक बघा आणि जोडा.” मावशीनं तोवर खेळण्यातली गाडीसुद्धा कधी हातात धरली नव्हती. पण सांगितलं ते करायचं, म्हणून बसली. दुपारी गाडी तयार झाली. ड्रायव्हरची सीट मागे तोंड करून, स्टिअरिंग मागच्या प्रवाशापुढे, आणि धुराचं नळकांडं टपावर, घराच्या धुराड्यासारखं ताठ उभं.

पत्रकं काढणाऱ्या गृहस्थांना सगळे नकाशेसाहेब म्हणत. त्यांनी कपाळाला हात लावला. थोरले मालक मात्र हरखून गेले.

“ताई, पत्रकात होतं तेच केलंत ना?”

“हो. अगदी शब्दन् शब्द.”

“मग गिऱ्हाईकही हेच करणार. उद्यापासून खोकी भरू नका. इथे खिडकीशी बसा आणि चुका करा.”

तेव्हापासून प्रत्येक नवी गाडी बाजारात जाण्याआधी मावशीच्या हाताखालून जाऊ लागली. ती चुकली की नकाशेसाहेब पत्रक बदलायचे, आणि बदलताना तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. एकदा तर ‘डावं दार’ या दोन शब्दांवरून दोघांचं बोलणं बंद झालं.

“डावं म्हणजे कुणाचं डावं?” मावशीचा प्रश्न.

“डाव्याला काय मालक लागतो?” नकाशेसाहेब कडाडले.

“लागतो की! गाडीचं डावं की माझं? गाडी माझ्याकडे तोंड करून बसलीय.”

पुढच्या पत्रकात बाण आला. बोलणं मात्र बाणानंतरही बरेच दिवस आलं नाही.

या नोकरीत एक गोम होती. माणूस वर्षानुवर्षं एकच काम करत राहिला की ते त्याला येऊ लागतं. मावशीलाही येऊ लागलं. पत्रक न बघता, गप्पा मारता मारता तिच्या बोटांखाली गाडी उभी राहायची. आता हे सांगायचं कुणाला? “मला काम येतं” म्हटलं की काम गेलं! मग तिनं चुका ठरवून करायला सुरुवात केली. रोज नवी चूक कुठून आणायची? काका, म्हणजे तिचे यजमान, शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. जेवताना दोघांचा विचारविनिमय चालायचा.

“अहो, उद्या आरसा उलटा लावू का?”

“मागच्या महिन्यात लावलास की. संशय येईल.”

“मग पुढचा बंपर मागे?”

“हे बरं आहे. आमच्या डेपोतही एकदा झालं होतं.”

असं सुरळीत चाललेलं असताना थोरले मालक थकले. मूलबाळ नव्हतं. त्यांनी कारखाना विकला, आणि घेतला कुणी, तर बादल्या, टब आणि कपड्यांचे चिमटे बनवणाऱ्या कंपनीनं. त्या कंपनीची सूत्रं तिथल्या मालकांच्या मुलीकडे होती. तरुण, तरतरीत, सगळी कामं उभ्याउभ्या करणारी. तिला खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कारखान्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘बादलीबाई’ ठेवलं.

बादलीबाईंनी सगळ्यांना जमवलं. “गाड्या बंद होणार नाहीत,” त्या म्हणाल्या. सगळ्यांनी श्वास सोडला. “पण सव्वाशे तुकडे? कुणाला वेळ आहे? आपण नऊ तुकड्यांची गाडी काढू. रंग आधीच दिलेला, गोंद नको, खटकन बसली पाहिजे. जुने साचे मागच्या खोलीत जागा अडवून बसलेत, ते भंगारात देऊ.”

ते साचे म्हणजे पोलादी ठोकळे. प्रत्येकात एकेका गाडीचा आकार उलटा कोरलेला. थोरले मालक त्यांना घरच्या दिवाणखान्यापेक्षाही जपायचे, तेल-पाणी करायचे. मशीनवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. नकाशेसाहेबांना नऊ तुकड्यांचं पत्रक काढायला सांगितलं गेलं. वीस-वीस पानं लिहिणाऱ्या माणसाला एक चित्र! त्यांनी चित्र काढलं, खाली लिहिलं, ‘बसवा’, आणि राजीनामा देऊन जावयाच्या फर्निचरच्या दुकानात गेले. तिथे ते कपाटं जोडायची पत्रकं लिहू लागले. “शिव्या देतात लोक,” ते मावशीला फोनवर म्हणाले, “पण वाचून देतात.”

नऊ तुकड्यांची गाडी मावशीकडे तपासायला आली. चहा निवायच्या आत जोडून झाली. तिनं परत सोडवली. चाकं आत बसवून पाहिली, बसेनात. टप उलटा घालून पाहिला, शिरेना. प्रत्येक तुकडा आपल्याच जागी खटकन बसायचा. चूक करायला फटच नाही! संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडून.

“लोकांच्या नोकऱ्या चुका केल्या म्हणून जातात,” काका म्हणाले, “तुझी चुका होत नाहीत म्हणून चाललीय. डेपोत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

मावशी हसली नाही. तेव्हा काकांनी मुकाट्यानं ताटं उचलून घासायला घेतली.

बादलीबाईंनी नव्या गाडीसाठी कारखान्यात मोठा मेळावा ठेवला. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावणं गेलं, नोकरदारांच्या घरच्यांनाही. मीही गेले. गिऱ्हाईक म्हणजे मला वाटलं शाळकरी मुलं असतील. तर आले एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाले, दोन नर्स बहिणी, आणि असेच चष्मेवाले, पोट सुटलेले पन्नासएक लोक. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या हत्यारांची पेटी. सकाळी गाडी जोडायची, मग जेवण, मग पुन्हा जोडायची, संध्याकाळी बक्षीस, असा दिवसभराचा कार्यक्रम आखलेला.

खोकी वाटली. खट, खट, खट. भाषण संपायच्या आत सगळ्यांच्या गाड्या तयार. पेट्या उघडल्यासुद्धा नव्हत्या. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. जेवण अजून शिजत होतं. बादलीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “बघा, किती सोपं!” लग्नाला यावं आणि नवरदेव आदल्या दिवशीच लग्न उरकून बसलेला निघावा, तशी सभेची अवस्था.

मग दातांच्या डॉक्टरांनी हळूच पेटी उघडली. ब्लेड काढलं. नव्याकोऱ्या गाडीचं दार कापलं.

“अहो, काय करताय?” बादलीबाई धावल्या.

“हे दार उघडत नव्हतं,” डॉक्टर डोकं वर न करता म्हणाले. “बिजागरी करतोय.”

ते पाहून बेकरीवाल्यांनी बॉनेट कापलं. नर्स बहिणींनी सीट उपटून काढल्या आणि एकीनं दुसरीला पुढे काय कापायचं ते दाखवलं. बघता बघता खोलीभर खरवडण्याचा आवाज सुरू झाला. जेवणाला हाक मारली तर कुणी उठेना.

बादलीबाई मावशीकडे आल्या. “ताई, हे लोक चांगली गाडी का कापताहेत?”

“मला काय ठाऊक, बाई! मी नोकरी म्हणून करते,” मावशी म्हणाली. “त्यांनाच विचारा.”

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “असं बघा, रविवारी मी खोलीचं दार लावलं की बायको विचारते, किती वेळ लागेल? तुमच्या या गाडीबद्दल मी तिला काय सांगू?”

पण बादलीबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या टेबलाशी येऊन त्या म्हणाल्या, “एक जुनी गाडी द्या. सव्वाशेवाली. बघू तर खरं काय आहे त्यात.” आणि चक्क बसल्या. अर्धा कारखाना काही ना काही निमित्त काढून खिडकीवरून फेऱ्या मारू लागला.

पुढचं मावशी अजूनही उभं राहून, हातवारे करून सांगते. बाईंनी पुढची काच नंबरप्लेटच्या जागी लावली. बॉनेट चिकटवून टाकलं आणि इंजिन हातातच राहिलं, तेव्हा ते डिकीत ठेवलं. मग पायदान अंगठ्याला चिकटलं. तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी फोन उचलला. अंगठ्याला अख्खी गाडी लोंबकळतेय आणि बाई टबच्या व्यापाऱ्याशी टबांबद्दल बोलताहेत!

मावशीला एकीकडे हसू आवरेना आणि दुसरीकडे हेवा वाटू लागला. इतक्या वर्षांत, काकांची मदत असूनही, इंजिन डिकीत ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. या बाई विचारसुद्धा न करता चुकत होत्या.

“काय हात आहे हो तुमचा!” तिच्या तोंडून निघून गेलं. “माझ्या तर खऱ्या चुका कधीच संपल्या.”

“संपल्या म्हणजे?”

आता शब्द परत घेता येईना. मावशीनं सगळं सांगून टाकलं. आरसा, बंपर, जेवतानाची मसलत, सगळं.

“मग इतकी वर्षं पगार कसला घेत होतात?”

“नाटकाचा,” मावशी खाली मान घालून म्हणाली.

बाई इतक्या जोरात हसल्या की अंगठ्याची गाडी सुटून टेबलाखाली गेली. दोघी गुडघ्यांवर बसून निखळलेली स्टेपनी शोधू लागल्या. तिथेच, टेबलाखाली, निर्णय झाला.

“असं करू,” बाई म्हणाल्या. “चुका मी करते. मला फुकट जमतात. नकाशेसाहेबांची खुर्ची रिकामी आहे, पत्रकं तुम्ही लिहा.”

भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. नऊ तुकड्यांची गाडी बंद झाली नाही. लहान मुलांना ती आवडली आणि बादल्यांच्या दुकानांतून ती चांगली खपते. जुन्या गाड्या सगळ्या एकदम निघत नाहीत. एकेक साचा आळीपाळीनं मशीनवर चढतो, बादल्यांच्या कामातून मशीन मोकळं होईल तसा. बाकीचे साचे मागच्या खोलीत आपला नंबर येण्याची वाट बघतात. थोरल्या मालकांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, “बादल्यांच्या मागे का होईना, रांगेत आहेत ना!”

मावशी मात्र पार बदलली. बाई चुकल्या की ही चिडते. “अहो, स्पष्ट लिहिलंय ना! वाचत का नाही माणसं?” परवा तर बाईंनी चाक छताला लावलं म्हणून ती डबा न उघडताच घरी आली. काका म्हणाले, “मालकीण आहे ती, जपून.” तर म्हणाली, “मालकीण बादल्यांची. पत्रक माझं आहे.”

आणि पत्रकं तिनं बोलते तशीच लिहिली. ‘आता हात पुसा. खोटं बोलू नका, पुसा.’ ‘हा तुकडा हरवणार आहे, आधीच बशीत ठेवा.’ ‘गोंद लावून झाला की उठा, चहा घ्या. घाई केलीत तर दार तिरकं बसेल, मग मला बोल लावायचा नाही.’ बाईंनी एक शब्दही कापला नाही. त्या पहिल्या पत्रकावर गिऱ्हाइकांकडून एकच तक्रार आली, दातांच्या डॉक्टरांची. चहा साखर घालून घ्यायचा की बिनसाखरेचा, याचा खुलासा नव्हता.