अवाले सरांचं अर्धं घर

अवाले सर लग्नाला गेले की आधी खांब बघतात, मग नवरी. माझ्या लग्नात त्यांनी हॉलच्या एका खांबावर टकटक केलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "सून चांगली मिळाली, पण जेवायला त्या कोपऱ्यात बसू नका." सासरे बिचारे आजही त्या हॉलमध्ये गेले की उभ्यानंच जेवतात.

रत्नकाजी अवाले आमच्या नेपाळातल्या ललितपुरात एम.एस्सी.च्या पोरांना भूकंपात न पडणारी घरं बांधायला शिकवतात. पोरं त्यांना 'भुइँचालो सर' म्हणतात, म्हणजे भूकंप सर. मी त्यांची विद्यार्थिनी होते. आता त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून तेच शिकवते आणि त्यांचा चहा पिते.

त्यांचा पहिला तास बघण्यासारखा असतो. पोरांना रांगेत उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि टोकाच्याला ढकलायचं. धडाधड पडतात सगळे. मग सांगतात, आता एकमेकांचे खांदे धरा. पुन्हा ढकलतात. रांग डुलते, किंचाळते, पण कोणी पडत नाही.

"झाला अर्धा कोर्स!" सर टाळी वाजवतात. "उरलेलं गणित. ते कॉम्प्युटर करतो. तुम्ही फक्त धरून ठेवायला शिका."

मग पडद्यावर एक फोटो येतो. जुनं विटांचं चौमजली घर, उजवं अर्धं सिमेंटनं गुळगुळीत, डावं अर्धं तसंच मातकट. डावीकडे खालची भिंत फोडून हे एवढं मोठं शटर बसवलंय आणि आत चटामरीचं, म्हणजे तांदळाच्या पातळ धिरड्याचं, दुकान.

"हे घर कशाच्या आधारावर उभं आहे?" सर विचारतात. कोणी पाया म्हणतं, कोणी भिंती. "छे! निव्वळ सवयीनं उभं आहे." वर्ग हसतो. दर वर्षी तोच फोटो, तोच विनोद. मी मागे बसलेली असले तर मलाही हसावं लागतं, कारण सर माझ्याकडे बघतात.

गंमत अशी की ते दुकान सरांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, आणि उजवं अर्धं घर खुद्द सरांचं.

आमच्याकडे वाटणी उभी होते. एकाला वरचा मजला, एकाला खालचा, असलं काही नाही. पायापासून कौलापर्यंत घर मधोमध चिरायचं. जिने दोन, चुली दोन, मध्ये भिंत. सरांचे वडील गेल्यावर तेच झालं. देवघराची नक्षीची खिडकीसुद्धा अर्धी हर्षमान दाजूंकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे, गेली, अर्धी सरांकडे. वडिलांचं घड्याळ तेवढं चिरता येईना, म्हणून ते सरांकडे राहिलं.

दोन हजार पंधराच्या मोठ्या भूकंपात घराला भेगा गेल्या, पण पडलं नाही. त्यावरून दोघे भाऊ असे भांडले की गल्ली गोळा झाली. सर म्हणाले, घर नशिबानं वाचलं. दाजू म्हणाले, "तुझी पोरं परीक्षेला बसतात ना? माझं घर बसलं आणि पास झालं! आता तू कोण त्याला पुन्हा बसवणारा?" शेवटी भाउजूंनी, म्हणजे दाजूंच्या बायकोनं, तव्यावर उलथनं आपटलं आणि हुकूम सोडला, की यापुढे घराचा विषय कोणी काढायचा नाही. तेव्हापासून दोघे सगळं बोलतात. फुटबॉल, डायबेटिसची गोळी, कोणाची पोरगी ऑस्ट्रेलियाला गेली. घर सोडून सगळं.

पण सर कसले स्वस्थ बसतात! त्यांनी तोंडी परीक्षाच दाजूंच्या दुकानात न्यायला सुरुवात केली. नियम एकच. या घराला मजबूत करायची योजना आखा आणि ती मालकाला साध्या भाषेत पटवा. दाजू हो म्हणाले तर पैकीच्या पैकी. आजवर एकाही तुकडीला ते जमलं नव्हतं. दाजू सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचे आणि हात हलवत परत पाठवायचे.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्याची राहिली नव्हती. मंसिरात, म्हणजे मार्गशीर्षात, दाजूंच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्यासाठी आपल्या अर्ध्यावर विटांचा आणखी एक मजला चढवायचं दाजूंनी जाहीर केलं. सर माझ्या खोलीत आले. चहा पुढे केला, तो तसाच ठेवला.

"वर मजला चढला, आणि जमीन हलली तेव्हा दाजू खाली तव्यापुढे बसलेला असला तर?" ते म्हणाले. "मला त्याची फार भीती वाटते गं."

भुइँचालो सरांच्या डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, "सर, बिस्किट घ्या." दुसरं काय बोलणार, कपाळ?

या तुकडीत जनकपूरची अंशू झा होती, जिभेनं तिखट, आणि तिच्या जोडीला जुम्ल्याचा रोकाया, कायम भुकेला. सर दर वर्षी पोरांना दाजूंच्या अर्ध्याचाच नकाशा देत. अंशूनं तो उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाली, "मॅडम, अर्ध्या माणसाचा एक्स-रे काढतात का?" आणि टेप घेऊन दोघं सरळ सरांचंही घर मोजून आली. सरांच्या बायकोला वाटलं, रंगकाम करायला कोणी आलंय.

परीक्षेच्या दिवशी मी परीक्षक म्हणून दुकानात बसले. सर नेहमीप्रमाणे शेजारी आपल्या पायरीवर पेपर उलटा धरून वाचत होते.

"या या, परीक्षार्थी!" दाजूंनी चटामरीवर अंडं फोडलं. "उपाशीपोटी नापास व्हायला मजा नाही."

रोकायानं पहिला घास घेतला आणि तिथेच फितूर झाला. "दाजू, घर तसं बरंय हो तुमचं."

"गप रे खादाड!" अंशूनं त्याला कोपरानं ढोसलं आणि दाजूंकडे वळली. "दाजू, शटरसाठी भिंत फोडलीत ती चूकच. वर मजला चढवाल ती दुसरी. पण सगळ्यात मोठी चूक तुमची नाही, शेजारची आहे."

मी ताटली खाली ठेवली.

"भांडणानंतर सरांनी आपल्या अर्ध्याला लोखंडाची जाळी मारली, वर सिमेंट थापलं आणि वाटणीच्या रेषेवर नेमकं थांबवलं," अंशू म्हणाली. "आता ते अर्धं झालंय पहिलवान आणि तुमचं राहिलंय आजारी. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करून हलवलं तर काय होईल? तो ताठ राहणार, तुम्ही झुलणार, आणि मधल्या भिंतीवर नुसत्या धडका. आणि त्यात हाल कोणाचे होणार? आजाऱ्याचे."

दाजूंच्या हातातलं उलथनं थांबलं. मला वाटलं, आता हे टाळ्या देत हसतील. हसले नाहीत.

"त्याला सांगितलंस हे?"

"नाही. मार्क त्यांच्या हातात आहेत."

"मग सांग. त्यानं मान्य केलं तर माझाही होकार. पण जपून हं, तो माझ्याहून हट्टी आहे." आणि दाजूंनी तिथूनच हाक मारली, "काजी! ये रे, तुझी परीक्षा आहे!"

सर जवळजवळ धावतच आले. "पटलं? खरंच पटलं?" आशेनं चेहरा कसा उजळला होता त्यांचा! अंशूनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द. तो चेहरा उतरताना माझ्यानं बघवेना.

"मग काय करायचं होतं मी?" सर उसळले. "रेषेपलीकडची भिंत दाजूची! तिला हात कसा लावणार?"

"विचारायचं होतंस," दाजू म्हणाले.

"घराचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं!"

"अरे, भांडताना ठरलेलं कोणी पाळतं का, गाढवा?"

मग अंशू हळूच म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत. खांदे धरा."

सरांनी मधल्या भिंतीवर तळवा टेकला. "रागाच्या भरात केलं रे दाजू," ते म्हणाले. "माझं तेवढं वाचवलं. आणि वर दर वर्षी वर्गात तुझाच फोटो दाखवून हसतो मी."

"कसला फोटो?"

झालं! सर गोरेमोरे. मी छताकडे बघू लागले. तोंड भरलेला रोकाया इमानदारीनं बोलला, "पहिल्या तासाचा. तुमच्या दुकानाचा. घर सवयीनं उभं आहे म्हणतात."

दाजूंनी सरांकडे पाहिलं. "फोटोत दुकानाची पाटी दिसते का?"

"दिसते," सर पुटपुटले.

"तरीच! पोरं येतात आणि आधी छत बघतात, मग ताटली. मी म्हणायचो, इंजिनियर लोक देवभक्त फार!" आणि तो माणूस असा हसला की भाउजू आतून पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

दसऱ्याच्या आत काम निघालं. शटरभोवती लोखंडी चौकट बसली. जाळी रेषा ओलांडून दाजूंच्या भिंतीवर चढली. विटांचा मजला रद्द झाला, नवरा-नवरीला वर हलकी पत्र्याची खोली मिळाली. आणि दोन्ही घरं एकमेकांना बांधणाऱ्या सळयांसाठी प्रत्येक मजल्यावर मधल्या भिंतीत भोकं पाडली.

पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा मी सरांच्या बाजूला उभी होते. धूळ खाली बसली आणि पलीकडून दाजूंचा डोळा दिसला.

"काजी, बाबांचं घड्याळ अजून मागेच पडतं का रे? इतकी वर्षं टोले ऐकतोय, नेहमी उशिरा."

"हो," सर म्हणाले.

भोकं एकेक करून बुजत गेली. स्वयंपाकघराजवळचं एक मात्र भाउजू बुजवू देईनात. तिथून सकाळी गरम चटामरी पलीकडे जाऊ लागली होती आणि रिकामी ताटली परत येत होती. गवंडी दोनदा येऊन परत गेला. मी म्हटलं, आता सर चिडणार. भिंतीत फुकटचं भोक ठेवलं म्हणून त्यांनी कितीतरी पोरं नापास केली आहेत.

पुढच्या वर्षीची प्रश्नपत्रिका तपासायला माझ्याकडे आली. शेवटचा प्रश्न नवा होता. 'दोन भावांच्या मधल्या भिंतीत एक भोक कायमचं उघडं ठेवायचं आहे. ते कुठे ठेवाल, आणि भिंत कमजोर होऊ नये म्हणून काय कराल?'

मी सरांच्या खोलीत गेले. "सर, भोकाचं माप द्यायचं राहिलंय."

सर पहिल्या तासासाठी नवा फोटो निवडत होते, आपल्या स्वतःच्या अर्ध्या घराचा. त्यांनी मान वर केली नाही.

"लिही," ते म्हणाले. "भाउजूंचा हात, ताटलीसकट."