आईचे केस धुणारी

मनीषनगरात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं एका खोलीचं पार्लर आहे. आईच्या टाळूला शाम्पू सोसेनासा झाला, लाल चट्टे उठायला लागले, तेव्हापासून ती दर रविवारी घरी येऊन आईचे केस धुवायची.

"शाम्पू बंद करा, ताई. कंडिशनरनंच धुवायचे," तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं. "फेस नाही आला तं लोक घाबरते. मळ बोटानं निघते, फेसानं नाही."

कंडिशनर तळहातावर घेऊन ती बोटांच्या पेरांनी टाळू चोळत बसायची. नख कधी लागू द्यायची नाही. तोंड सतत चालू, आणि मधूनमधून, "दुखून तं नाही राहिलं ना, आई?" आई डोळे मिटून नुसती हसायची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी आई गेली. शेवटच्या आंघोळीला बायका जमल्या. शेजारच्या काकूंनी शाम्पूची पुडी फोडली, तेवढ्यात ती गिऱ्हाईक अर्धवट सोडून धावत आली.

"काकू, शाम्पू नका लावू," ती म्हणाली. "आईले जळजळते."

"आता काय जळजळन वं, पोरी?" काकू हळूच म्हणाल्या.

तिनं न्हाणीघरातली कंडिशनरची बाटली आणली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि सावकाश चोळायला लागली. काकूंनी पुडी बाजूला ठेवली आणि तांब्यानं पाणी घालू लागल्या.

सकाळपासून मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.