शंभर दाणे, न निवडता

निवृत्तीनंतर नांदेडच्या घरी मी लहान उद्योजकांचे संशोधन-अनुदानाचे प्रस्ताव तपासून देतो. स्वभाव तापट, त्यामुळे पहिला कागद बहुतेकांना लाल शाईनं भरूनच परत मिळतो. चाकूरच्या एका ताईंवर मात्र माझा पहिल्यापासून जीव. नवरा-बायकोनं आपल्या वर्कशॉपमध्ये सोयाबीनचं मळणीयंत्र बनवलेलं. बियाण्याचा दाणा त्यात फुटत नाही, असा त्यांचा दावा. पण प्रस्ताव एकदा नामंजूर झाला होता: जुन्या यंत्रापेक्षा फरक दिसत नाही. आता शेवटची खेप. नाहीतर वर्कशॉप बंद करून नवरा पुण्याला कंपनीत जाणार होता.

मी भाषा दोनदा सुधारली, तक्ते नीट केले. आकडे तेच. दोन्ही यंत्रांच्या शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास दाणे उगवलेले. शेवटी वैतागून एसटीनं चाकूर गाठलं आणि म्हणालो, "माझ्यासमोर चाचणी करा."

ताईंनी ओलं गोणपाट पसरलं. दोन्ही यंत्रांचं सोयाबीन दोन सुपांत घेतलं आणि दाणे मोजता मोजता फुटके, चिरलेले बाजूला सारू लागल्या. बोलणं माझ्याशी, बोटं आपली चाललेली.

"ताई, हे काय करून राहिलात?"

"निवडून राहिले, सर. फुटका दाणा कुठं उगवतो? उगं जागा अडवायची."

मला हसू आवरेना. रोजची डाळ निवडावी तसं त्यांनी बियाणं निवडलं होतं आणि आपल्याच यंत्राचा गुण सुपाबाहेर टाकला होता. आणि जन्मभर मोजमाप शिकवलेल्या मी, दाणे घेता कसे, एवढं साधं विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मग हाताला येतील तसे शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले आणि मी परतलो. आठवड्यानं ताईंचा फोन आला, आवाज पडलेला.

"सर, जुन्या मशीनचे एक्कावन्न उगवले. पण आपले बी पंच्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवरच आले की हो. आता काय लिहायचं?"

"हेच लिहायचं. फरक दिसला ना!"

"पर बाकीच्यातले कैक दाणे दिसायला चांगले हायेत. तरी उगवले न्हाईत. का, ते न्हाई ठावं मला."

"तेही लिहा. ते शोधायलाच तर अनुदान मागताय."

फोन न ठेवताच त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अवो, ते पुण्याचं राहू द्या आता. लई काम निघालंय."