डोक्यावरून कानापर्यंत

माझं हाड मोठं आहे. लहानपणी चांगलं खाल्लेलं दिसतंय, असं लोक कौतुकाने म्हणतात तेव्हा मला पनवेलच्या शाळेचा ओटा आठवतो आणि स्वतःचीच चीड येते.

वडिलांची भाताची गिरणी होती. मी झाले तेव्हा आईला दूधच आलं नाही. खाडीकडच्या मिठागरावर राबणारी एक बाई नुकतीच बाळंत झाली होती, तिला मला पाजायला ठेवलं. मी तिला बाय म्हणायचे. आई तिला आळिवाचे लाडू, खीर पोटभर घालायची, पण समोर बसवून. घरी न्यायला एक लाडू नाही. आणि स्वतःच्या मुलीला अंगावर घ्यायचं नाही, ही अट. ती मुलगी माझ्याहून महिन्याने मोठी. झोपडीत ती पेजेवर वाढली. फार रडली तर अफूचा कण चाटवत. मी नवव्या महिन्यात चालले, हे आई येईल त्याला सांगे. ती कधी चालली, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही.

शाळेत घालायची वेळ आली. ज्याची जन्मनोंद नाही त्याचं वय गुरुजी हातावरून ठरवत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की सहा पुरी झाली. बायला हे कळलं होतं. महिनाभर ती रोज संध्याकाळी खोबरेल लावून पोरीचा हात ओढत होती. वेडी बाई. हात काय असा ओढून वाढतो?

शाळेच्या ओट्यावर तो पोचला नाही. बोटं कानाच्या वर, केसांतच अडली.

माझी नोंद नगरपालिकेत होती. मला कुणी हात वर करायला सांगितलंच नव्हतं. मीच आगाऊपणा केला आणि कानाची पाळी ओढून दाखवली. गुरुजींनी लगेच माझ्याकडे बोट केलं. ही तुझ्या मुलीच्या वयाची म्हणतेस ना, मग हिचा हात बघ, खोटं कशाला बोलतेस, असं ते बायला म्हणाले.

"खोटं नाय गुरुजी," बाय म्हणाली. "वय दोगींचं सारकंच हाय. दूद मातर एकीनंच पिलंय."

मला घेऊन आलेल्या वडिलांकडे गुरुजींनी पाहिलं. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. चारचौघांत लाज वाटली, की मिठागरवालीच्या बाजूने साक्ष द्यायला कमीपणा वाटला, मला अजून कळलेलं नाही. छत्रीची मूठ चोळत ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आण गं. घाई कसली एवढी?"

पुढच्या वर्षी त्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ होता. त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. त्यानंतर शाळेचा विषय कुणी काढला नाही. वडिलांना मी जाब विचारला नाही. त्यांच्याच पैशावर शिकत होते, विचारणार कुठल्या तोंडाने?

मॅट्रिकच्या परीक्षेआधी आईने मला बायच्या पाया पडायला मिठागरावर पाठवलं. तिची मुलगी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून येत होती. माझ्या खांद्याला लागेल एवढीच होती. टोपली धरलेला तिचा हात आता सहज कानाला पोचला असता, पण आता त्याचं कुणाला काय?

मी वाकले. बायने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठी हो म्हणाली. तिची मुलगी टोपली न उतरवता शेजारी उभी होती.