चेहऱ्यांची परीक्षा घेणारी बाई

"यात चूक-बरोबर काही नसतं हं, काका." पेनाचं टोपण ओठांवर टेकवून मॅडम हे वाक्य म्हणायच्या. मला ते आजही आठवतं आणि आजही डोकं तापतं.

बोईसरला आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या आल्या कामगारांची भावनिक बुद्धिमत्ता मोजायला. म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं मन माणसाला किती कळतं, ते. मी मासवणचा, शाळा चौथीपर्यंत. काम टाकीच्या तोंडाशी बसायचं. टाकीत गॅस साचतो, म्हणून धुवायला माणूस आत उतरला की त्याच्या कमरेच्या दोरीचं टोक माझ्या हातात. उतरण्याआधी मी प्रत्येकाचं तोंड बघायचो. नको वाटलं तर परत पाठवायचो. एवढ्या वर्षांत माझ्या दोरीचा एकही माणूस आत राहिला नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

मॅडमनी आधी छापील कागद दिला. 'मला दुसऱ्याच्या मनातलं कळतं.' नेहमी, कधीकधी, की कधीच नाही? मी 'कधीच नाही'वर खूण केली. आमच्या गावात असा दावा फक्त भगत करतो, तोही कोंबडं घेतल्यावर. भला माणूस स्वतःबद्दल असं लिहील का, तुम्हीच सांगा.

मग फोटो. एक गोरा माणूस, दात दिसणारा.

"याला काय वाटतंय, काका?"

"हा राहतो कुठं?"

"ते नको. फक्त चेहरा बघा."

"मॅडम, याला मी काल बघितला नाय. आज कसा हाय ते कसं सांगू?"

टोपण ओठांवर. "यात चूक-बरोबर काही नसतं."

नसतं म्हणाल्या, आणि आठवड्यात साहेबांनी मला टाकीवरून उचलून रिकाम्या पिंपांवर नंबर टाकायला बसवलं. परीक्षेत सगळ्यात कमी गुण म्हणे माझे. दोरी दुसऱ्याच्या हातात गेली.

बाई वाईट नव्हती. आमच्यात पिंपावर बसून कोरा चहा प्यायची, कुणाचं पोर आजारी ते लक्षात ठेवायची. तरी मी मनात गाठ मारली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" मी उठलो. दुपारी टाकीत उतरणारे चौघे मी पुढे उभे केले.

"मॅडम, आता तुम्ही आमची परीक्षा द्या. यातल्या कुणाला आज उतरू द्यायचा नाय?"

त्यांनी बराच वेळ बघितलं आणि कडेच्या गप्प माणसाकडे बोट केलं.

"तो जन्माचा गप्प हाय. ह्याला बघा." मी चौघांतल्या रामसेवककडे वळलो. तो सकाळपासून सगळ्यांची टिंगल करत होता. "हा एवढा हसला की समजायचं, काहीतरी लपवतोय. साहेब, कपाळाला हात लावा."

साहेबांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापानं कपाळ भाजत होतं. सुट्टी घेतली तर रोज बुडेल म्हणून तो लपवत होता.

टाळ्या पडल्या. मॅडम हसल्या, पण टोपण पेनावर बसेना. हनुवटी थरथरत होती. मला दिसत होतं ते. दिसत होतं म्हणूनच मी म्हणालो, "असू द्या, मॅडम. यात चूक-बरोबर काही नसतं."

लोक बाकांवर हात आपटून हसले. मॅडम कागद गोळा करून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

पुढल्या आठवड्यात साहेबांनी बोलावून त्यांचा अहवाल वाचून दाखवला. "'यांना टाकीवर परत ठेवा. आमच्या परीक्षेत जे मोजता आलं नाही, ते यांना येतं.'" मी ताठ झालो. साहेब पुढे वाचत गेले. "'मी रडकुंडीला आले हे सगळ्यांत आधी यांना दिसलं. तरी ते थांबले नाहीत.'"

पस्तावा म्हणाल तर नाही. दोरी आधी त्यांनी काढून घेतली होती.

आता मी पुन्हा टाकीच्या तोंडाशी बसतो. फक्त बसण्याआधी रुमालानं हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत तोंड झाकून घेतो.

"चाचा, बाहर तो गॅस नहीं है," रामसेवक चिडवतो.

"तू उतर," मी म्हणतो आणि दोरी हळूहळू आत सोडतो.