कोयते, काटा आणि प्रोसेसर

आमच्या घरात मोठी वस्तू घ्यायची झाली की ते काम माझ्याकडे येतं. विहिरीवरची मोटार, फ्रीज, सासऱ्यांचं कानाचं मशीन, सगळं मीच बघून घेतलं. पद्धत ठरलेली आहे. वहीच्या डाव्या बाजूला गरज लिहायची, उजव्या बाजूला वस्तू, आणि गरजेपेक्षा जास्त करणाऱ्या वस्तूपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. घोडेगावच्या एका शाळेच्या ऑफिसात मी असंच काम करत आले आणि अजून तरी अडलेलं नाही. त्यामुळे धाकट्या जावेला नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा कोणी काही सांगायच्या आत मी वहीचं पान आखलं होतं.

जाऊ घरांची चित्रं करते. बंगला बांधायच्या आधी तो कॉम्प्युटरवर उभा करते, रंग देते, खिडक्या बसवते आणि मालकाला त्या न बांधलेल्या घरातून फिरवून आणते. आधी ती पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती शिनोलीला आली आणि रस्त्याकडच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. काम मिळायला लागलं होतं, पण पुण्याचं ऑफिसही तिला सोडायला तयार नव्हतं. दर महिन्याला फोन यायचा, तुमची खुर्ची अजून रिकामी आहे म्हणून. गेली असती तर ती सोमवार ते शनिवार पुण्यात, दीर पारगावच्या साखर कारखान्यावर आणि दुसरीत शिकणारी त्यांची मुलगी आमच्याजवळ, असं घर तीन ठिकाणी वाटलं गेलं असतं. तिला ते नको होतं. पण हातात काम नसताना नुसतं नको म्हणून चालत नाही, हेही तिला कळत होतं.

तशात बेल्ह्याच्या दोन भावांचं काम आलं. माझं माहेर त्याच बाजूचं, माझ्या शब्दावर आलेली माणसं. दोघांना मिळून एक बंगला बांधायचा होता, थोरला खाली, धाकटा वर, आणि तो पसंत पडला तर त्या बाजूची आणखी चार घरं जावेकडे आली असती.

आमच्या भागात घराचा नकाशा कोणी कागदावर पसंत करत नाही. सगळं घर जीपमध्ये बसून येतं. भाऊ, दोघांच्या बायका, पोरं, म्हातारी आई, सगळे स्क्रीनसमोर बसतात आणि तिथल्या तिथं बदल सांगतात. खिडकी इकडं घ्या, देवघर तिकडं सरकवा. तसेच तेही आले. थोरल्याला जिना बाहेरून हवा होता, धाकट्याला आतून. जावेने जिना उचलला आणि तिचा जुना कॉम्प्युटर थांबला. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. भांडण अशा थांबलेल्या वेळातच वाढतं. समोर काही दिसत नाही म्हणून माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. जिन्यावरून ते विहिरीच्या पाळ्यांवर गेले, तिथून बांधावरच्या आंब्यावर. चक्र थांबून जिना दिसेपर्यंत धाकटा उठून अंगणात गेला होता. जाताना थोरला म्हणाला, "दसऱ्याच्या आत पाया घ्यायचाय. आणखी एक डाव येतो. जमलं तर बरं, न्हाईतर पुण्यात एक जण हाये."

म्हणून नवा कॉम्प्युटर, आणि तोही त्या दुसऱ्या बैठकीच्या आत.

प्रश्न प्रोसेसरचा होता. बाकीचे भाग दोन्हीकडे सारखेच बसणार होते. एक पर्याय सर्व्हरचा. मोठ्या ऑफिसातून उतरवलेलं मशीन, आत एकाऐवजी दोन प्रोसेसर, मिळून छत्तीस कोर. कोर म्हणजे आत बसून हिशोब करणारे कामगार समजा. दुसरा पर्याय गेम खेळणारी पोरं घेतात तो डेस्कटॉप. त्यात कोर आठच, पण एकेक भलता चपळ.

दिरांचा निर्णय आधीच झाला होता. ते कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांचे नंबर लावतात, आणि आमच्याकडं तोडणीची टोळी कोयत्यांवर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दीर मला म्हणाले, "वहिनी, ह्यात यादी कशाची करताय? आठ कोयत्यांनी फड तोडायचा का छत्तीस कोयत्यांनी, एवढंच तर हाये." मला ते पटलं. मी सर्व्हरसमोर बरोबरची खूण केली.

जाऊ भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, फड तर रिकामा झाला. मग कारखान्यावर गाड्या दिवसदिवस रांगेत का उभ्या असतात?"

"वजनाच्या काट्यावर एका टायमाला एकच गाडी चढती म्हणून," दीर म्हणाले. त्यासाठी ते दरवर्षी ड्रायव्हरांच्या शिव्या खातात.

"माझी भिंत म्हणजे काट्यावरची गाडी. आधी भिंत सरकायची, मग तिच्यातली खिडकी, मग वरचा स्लॅब. एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं होत नाही. तिथं तुमचे छत्तीस कोयते नुसते उभे राहतात तंबाखू मळत."

दीर म्हणाले, "म्हंजी काटा फास्ट पायजे म्हण की."

पण माझ्या जावेची हीच गोष्ट मला आवडते, की वाद जिंकल्यावर ती तिथं थांबत नाही. तिनेच पुढे सांगितलं, की शेवटचं पक्कं चित्र काढायचं काम मात्र खरोखर फडासारखं असतं. चित्राचे चौकोन पडतात, प्रत्येक कोर आपापला चौकोन धरतो, आणि तिथं जितके कोर जास्त तितकं काम लवकर. म्हणजे दोन्ही बाजूंनी खरं होतं. ती म्हणाली, बोलून ठरवायचं नाही, दोन्हींवर आपलंच काम चालवून बघायचं. मी खूण खोडली आणि पान उलटलं.

नारायणगावला एका शेठचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, आता आमच्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलतं. आजोबांचं कापडाचं दुकान होतं, त्याच्या अर्ध्या भागात नातवाने कॉम्प्युटर मांडले. त्याच्याकडे दोन्ही मशीनं होती. जावेने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि बेल्ह्याचं घर दोन्हींवर उघडून बघायचं आहे म्हणाली. शेठ जरा थबकला. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक आकडे विचारतं, नाहीतर दिवे लागतात का ते. गेमच्या मशीनला आतून लाल-निळे दिवे होते. दीर म्हणालेच, "ही वरात घोड्यावरनं न्यायची का जीपमधनं?"

"दिवे बंद होत्यात भाऊ," शेठ म्हणाला. "पोरांचं उलटं असतं. आत काय बी घाला, दिवे चालू पायजेत."

पण त्याने टाळलं नाही. दुसरं गिऱ्हाईक भावावर सोपवलं, दोन्ही मशीनं एका टेबलावर घेतली, ग्राफिक्स कार्ड या मशीनमधून काढून त्या मशीनमध्ये बसवत गेला, म्हणजे फरक फक्त प्रोसेसरचा राहावा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एवढा खटाटोप करून वस्तू विकणारा माणूस मी फार कमी वेळा बघितला आहे.

आधी सर्व्हर. तो सुरू झाला तसा पिठाच्या गिरणीसारखा आवाज झाला, आम्ही मोठ्याने बोलायला लागलो. जावेने भिंत धरली, ओढली. हात पुढे गेला आणि भिंत मागून उचकी लागल्यासारखी आली. जिना उचलला, तोही तसाच, थांबून थांबून. मग तिने पक्कं चित्र काढायला लावलं, आणि मात्र बघत राहावं असं झालं. सगळ्या स्क्रीनवर एकदम चौकोन उघडले. छपराचा एक, ओट्याचा एक, आभाळाचे कितीतरी, आणि बघता बघता घर भरून आलं. दीर माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. शेठ म्हणाला, हे मशीन एका ऑफिसात वर्षानुवर्षं बंद न करता चाललंय. मेमरीत बारीक चूक झाली तर ते स्वतःच दुरुस्त करतं. मला अशा वस्तूंबद्दल आदर वाटतो. न कुरकुरता राबणारी, चूक आपली आपण निस्तरणारी.

मग दिव्यांचं मशीन. भिंत हाताबरोबर आली. जिना हाताबरोबर फिरला. जाऊ घराभोवती एक चक्कर मारून आली, जशी अंगणातून मारावी तशी. पक्कं चित्र मात्र इथं रेंगाळलं. आम्ही चहा घेतला, कप ठेवले, तरी आभाळ पूर्ण झालं नव्हतं.

मी माझे प्रश्न विचारले. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर कोणतं टिकेल? शेठने सर्व्हरकडे बघून नाही म्हणत हात हलवला. सासू-सासरे शेजारच्या खोलीत झोपतात, आवाजाचं काय? ते विचारायचीही गरज नव्हती. चूक दुरुस्त करणारी मेमरी दिव्यांच्या मशीनमध्ये नाही, ते चालेल का? जाऊ म्हणाली, "बँकेची खाती नाहीत ताई. चित्र बिघडलं तर परत काढीन."

दिरांनी शेठलाच विचारलं, तुम्ही काय घेतलं असतं? शेठ हसला. "सर्व्हर माझ्याकडं लई दिवस पडून हाये, भाऊ. तो गेला तर मला बरंच. पण मॅडमचं गिऱ्हाईक समोर बसतंय. आजोबा सांगायचे, समोर बसलेल्याला ताटकळत ठेवू नये. एक ठाण बघून होतंय तवर दुसरं उलगडलेलं पायजे."

आम्ही दिव्यांचं मशीन घेतलं. घरी आल्यावर जावेने पहिलं काम काय केलं असेल तर दिवे बंद केले. मुलगी रुसली.

बेल्ह्याची माणसं ठरल्या दिवशी आली. या वेळी भाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसले. मी चहाच्या निमित्ताने दारात उभी राहिले. माझ्या शब्दावर आलेली माणसं होती ती.

थोरला म्हणाला, जिना बाहेर दाखवा. जिना बाहेर गेला. धाकटा म्हणाला, आत दाखवा. आत आला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत, मग जरा वळवून, मग पायऱ्या रुंद करून. थोरल्याने तोंड उघडायच्या आत उत्तर समोर असायचं. भांडायला लागतो तेवढा वेळच मिळत नव्हता. थोड्या वेळाने दोघे एकाच बाकावर सरकून बसले, कारण दोघांनाही नीट दिसायला हवं होतं.

त्यांची आई तोवर काही बोलली नव्हती. तिने विचारलं, माझी खाट कुठं? जावेने खालच्या खोलीत खाट ठेवली आणि विचारलं, "आजी, खाटेवर बसून काय दिसतंय ते बघायचं का?" मग तिने कॅमेरा बसल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणला. आधी बाहेरचा जिना लावला. खाटेवरून समोर कोरी भिंत दिसत होती. मग आतला. दारातून पायऱ्या दिसायला लागल्या, अगदी वरच्या मजल्यापर्यंत.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. "आतच असू दे गं," ती जावेला म्हणाली, पोरांना नाही. "धाकट्याची पोरं वर जाताना मला दिसतील तरी."

थोरल्याने मान खाली घातली आणि पायातल्या चपला सारख्या केल्या. मग म्हणाला, "काम धरा, ताई. आई म्हणती तसंच." पक्की चित्रं कधी मिळतील, असं धाकट्याने विचारलं. जावेने सरळ सांगितलं, चित्रांना वेळ लागतो, घाई करणार नाही. त्याने मान डोलावली.

जीप शिनोलीच्या फाट्याकडे वळली तशी मी म्हणाले, आता पुण्याला फोन करून टाक, येत नाही म्हणून.

"केलाय ताई. दुकानातून आलो त्याच संध्याकाळी."

मी विचारलं, "आणि आज ही माणसं उठून गेली असती तर?"

"गेली असती तर गेली असती," ती म्हणाली. "भिंत हाताबरोबर चालताना बघितली ना मी. मला तेवढंच बघायचं होतं."

मी तसं केलं नसतं. मी बैठक होऊ दिली असती, होकार कानाने ऐकला असता, मग फोन केला असता, आणि तेच शहाणपणाचं आहे असं मला अजूनही वाटतं. पण त्या दिवशी मी तिला तसं म्हणाले नाही. ती आत गेली, जिन्याचं पक्कं चित्र काढायला लावलं, आणि एकेक चौकोन सावकाश भरत होता तोवर भाकरी थापायला बसली.