दोन्ही बैल त्याचेच

अमडापूरच्या स्टँडवर चिखलीची एसटी लागली, तेव्हा बाबांनी सवयीनं मागं वळून पाहिलं. गावाबाहेर कुठंही निघताना, आपला बैल चांद्या कुणाकडं सोपवलाय याची ते दहादा खात्री करायचे. त्या दिवशी सोपवायला काही उरलंच नव्हतं. आईनं दंडाला धरून त्यांना गाडीत चढवलं, मागून दादा गोण्या घेऊन चढला, आणि आम्ही पुण्याला निघालो.

गावात राहिलेले तुम्ही लोक फोनवर विचारता, एवढ्या घाईनं काऊन गेले? माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारत नाहीत, त्यांना अंदाज असतो. दोघांसाठीही हे एकदा लिहून ठेवते.

आमच्याकडे एकच बैल होता. शेताच्या धुऱ्यापलीकडच्या नामदेवकाकांकडेही एकच, हिऱ्या. म्हणून दोन्ही घरांची सावड होती. दोन बैल मिळून एक जोडी, आधी त्यांचं वावर, मग आमचं. आम्ही बौद्ध, ते गावातल्या वरच्या आळीतले, पण वखराला जुंपल्यावर बैलांना कुणी जात विचारत नसे. पोळ्याला मात्र विचारत. चांद्या शिंगं रंगवून, झूल घालून हिऱ्याशेजारी तोरणाखाली उभा राहायचा, पण दोघांचे कासरे काकांच्या हातात. बाबा लांब पारापाशी उभे राहून बघायचे आणि त्यातच खूश असायचे. दादाला त्याचा फार राग यायचा.

त्या वर्षी दादा म्हणाला, बैल आपला तर कासराही आपल्याच हाती. काकांनी हसत हसत दिला. "धर बे, तुहाच बैल हाय." मी पुण्याहून सुट्टीला घरी आले होते, पारापाशी बाबांच्या शेजारी उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

तोरण तुटून पोळा फुटायच्या आधीच, गावात ज्यांच्या बैलांना पहिला मान असतो त्या घरातल्या पोरांनी दादाला काठ्यांनी मारलं. जात काढून जे बोलले ते मी लिहिणार नाही, तुम्हीही ऐकलंच आहे. त्याच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. नामदेवकाका मध्ये पडले, पाठीवर एक काठी त्यांनीही खाल्ली. ऑटोत घालून दादाला चिखलीला नेलं ते त्यांनीच, आणि पोलिसांकडे पहिला जबाबही त्यांचाच. आई त्यांच्या पाया पडली होती.

ॲट्रॉसिटीची केस झाली. गाव म्हणायचं, पोरापोरांची मारामारी, बैलावरून झालेली कटकट, एवढं काय त्यात. अहो, मारामारी कुणाचीही होते. दादाला मारलं ते तो कोण आहे म्हणून, आणि आमच्या सगळ्या वस्तीनं पाहावं म्हणून भर पोळ्यात मारलं. एका हाडात सगळ्यांना धाक. म्हणून तर त्याला कायदा वेगळा आहे. तपासाला आलेल्या पोलीस अधिकारी बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, सरकारी वकीलही तयारीनं आले. पण कायद्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला त्याच गावात राहायचं असतं.

कोर्टात काकांनी शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, बैल कुणाचे?

"दोन्ही माह्येच."

पुढं म्हणाले, सावड नव्हती. कासरा पोराच्या हाती दिला नव्हता. मारताना कुणाला पाहिलं नाही. बैल बुजले, पोरगं पायाखाली आलं असंल. म्हणजे दादाचं हाड चांद्यानं मोडलं! बाबा खाली मान घालून बसले होते. आरोपी सुटले. काकांच्या वावराची वाट त्यांच्याच शेतातून जाते, हे मला माहीत आहे. कळतं मला सगळं. तरी संताप जात नाही. मारणाऱ्यांकडून आमची काही अपेक्षाच नव्हती, यांच्याकडून होती.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका हिऱ्याला घेऊन आमच्या दारात हजर. म्हणाले, "कोर्टातलं कोर्टात राहू दे, भाऊ. वखर काढाचा हाय."

बाबांनी चांद्याला खुंट्यावरून सोडलं आणि कासरा त्यांच्यापुढं धरला.

"दोन्ही तुह्येच म्हणून तू शपथीवर सांगतलं नं? मंग हा माह्या दारात कायले? घेऊन जाय."

काका घेईनात. बाबांनी त्यांच्या मुठीत कासरा कोंबला आणि दार लावून घेतलं. मग आत चुलीपाशी बसून रडले. एका बैलावर निदान सावड तरी होते, बैलच नाही म्हटल्यावर वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं आणि निघालो.

आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मी लॅबमध्ये रक्त तपासते, दादा गोडाऊनमध्ये शिफ्ट करतो, जड उचलायचं काम त्याला देत नाहीत. घरमालकानं आधी आडनाव विचारलं, नंतर डिपॉझिट. मी लॅबमध्ये 'मला' म्हणते, बाबा लिफ्टमध्येही 'मले' म्हणतात. लोक हसतात, ते बोलायचं थांबत नाहीत.

परवा वस्तीतल्या मावशीचा फोन आला. संध्याकाळी वावरातून सोडला की चांद्या काकांच्या गोठ्यात जात नाही. सरळ आमच्या कुलूपबंद दारापुढं येऊन उभा राहतो. काकांना रोज त्याला न्यायला अख्ख्या वस्तीतून यावं लागतं. कुणी त्यांच्याशी बोलत नाही, सगळे ओट्यावर बसून बघतात. बाबांनी फोन हातात घेऊन एवढंच विचारलं, "त्याले पाणी कोण पाजते?" मावशी म्हणाली, आमच्या दारापाशी ती घमेलं भरून ठेवते.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला तेच दार दिसतं. आम्ही तिथं नाही. चांद्या आहे, आणि त्याला ओढत उभे असलेले नामदेवकाका. बैल त्यांचा आहे, कोर्टात तसं लिहिलेलं आहे. पण तो हलत नाही.